ईरप्पांनी पुसलेली काच

सोमवार, २० जानेवारी १९७५. पहाटे कडाक्याची थंडी. नळाला पाणी पाऊण तास. दुपारी तीनला कुंडलिकराव बोधले आले, तीनदा कडी वाजवली. मी घरातच होते. दार उघडलं नाही.

ही नोंद वाचून कोणी मला कठोर म्हणेल, म्हणून ईरप्पांची हकीकत लिहून ठेवते.

ईरप्पा आणि त्यांची बायको चंद्रव्वा आमच्या मागच्या दोन खोल्यांत वीस वर्षं राहतात. माणसं अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलतात. गावाबाहेरच्या एका खासगी शेतीफार्मवर हवामानाच्या नोंदी घेणं हे ईरप्पांचं काम होतं. ऊन मोजायला तिथे एक भरीव काचेचा गोळा आहे. त्यातून ऊन एकवटतं आणि मागच्या जाड कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटते. जितकी लांब रेघ, तितके उन्हाचे तास.

ईरप्पा रोज अंघोळीनंतर इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करत आणि मगच जाऊन गोळा पुसत. त्यासाठी चंद्रव्वांच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, रोज धुतलेला. "लिंगाला हात लावताना जसं सवळं, तसंच काचंला," असं ते म्हणत.

१९६३च्या हिवाळ्यात रेघ आखूड पडू लागली. आकाशात ढग नाही, तरी सकाळी रेघ अर्धा तास उशिरा सुरू होई आणि संध्याकाळी लवकर संपे. बोधले तेव्हा नवे मॅनेजर होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "विडी ओढत ओढत गोळा पुसतोस का रे?"

"विडीला शिवलो न्हाय साहेब." ईरप्पांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं. "ह्येच्यावर हात ठिवून सांगतो, काच रोज पुसलीया."

बोधले हसले. "मग देवालाच सांग की पुसायला! तो तुझ्यापेक्षा बरा पुसेल."

सगळे हसले. ईरप्पांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'कामचुकार. यंत्राची निगा राखत नाही.' त्यांना बैलांच्या गोठ्यावर पाठवलं. गोळा बोधले स्वतः पुसू लागले आणि रोज तशी सही करू लागले. दीड-दोन वर्षांत रेघ पूर्ववत झाली. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला ते सांगत, "मी हात लावला आणि ऊन परत आलं."

ईरप्पा अकरा वर्षं शेण काढत राहिले. मार्चअखेर ते निवृत्त होतील, तो शेरा घेऊन.

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी ते अंगणात उभे होते. दिवस मावळून अंधारू लागलं होतं, आणि पश्चिमेचं आभाळ पुन्हा उजळलं, जांभळटसर तांबडं.

"बाई, असलं आभाळ मी आदी बगितलंय. माजं काम गेलं त्या साली."

मी माझ्या रोजनिशीची १९६३ची वही काढली. बुधवार, ११ डिसेंबर: 'सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी आकाश पुन्हा जांभळं. आज सहावा दिवस.' चार पानं पुढे मीच चिकटवलेलं इंग्रजी कात्रण होतं. बाली बेटावरचा आगुंग ज्वालामुखी फुटला होता. त्यातला गंधकाचा वायू ढगांच्याही खूप वर गेला की त्याचे आम्लाचे बारीक थेंब होतात. तिथे पाऊस नसल्याने ते धुतले जात नाहीत, दोन-दोन वर्षं तरंगतात, ऊन विखुरतात. सकाळ-संध्याकाळी तिरपे किरण त्यांच्यातून लांबवर येतात, म्हणून ते ऊन अधिक मंद होतं. इंग्रजी चांगलं वाटलं म्हणून मी ते चिकटवलं होतं. एका भिंतीपलीकडे ईरप्पा अपमान गिळत होते आणि मला दोन्हींची सांगड घालता आली नाही. चूक माझीही आहे.

या खेपेला ग्वाटेमालातला फुएगो ज्वालामुखी फुटला होता, ऑक्टोबरात. तेही पेपरात होतं.

"म्हंजी काच सवच्छ व्हती?" ईरप्पांनी विचारलं.

"स्वच्छच होती. मळ आभाळात होता, बारा मैलांवर."

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. मग म्हणाले, "बाई, फार्मवर रेघ परत आकूड झालीया. आन रोज सही कुणाची हाय, ठावं हाय का?" वीस वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात कळलं की हवामानाच्या नोंदी तपासायला पुण्याहून तपासनीस सोमवारी चारला येणार. ईरप्पा बोधल्यांना जाऊन एवढंच बोलले, "रेघंचं कारन बाईंच्या वहीत हाय. येताना माजं सेवापुस्तक आना."

शनिवारी बोधले आमच्याकडे आले, बरोबर ईरप्पा आणि त्यांचं सेवापुस्तक. मी वही हातातून न सोडता त्यांना नोंद आणि कात्रण वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"वाचलो! द्या ती वही. नुसतं तोंडी सांगून तपासनीस ऐकायचे नाहीत."

"आदी माजं खोडा," ईरप्पा म्हणाले.

बोधल्यांनी माझ्याच टेबलावर लिहिलं, 'पूर्वीचा शेरा चुकीचा होता, रद्द', आणि सही केली. मग वहीसाठी हात पुढे केला.

ईरप्पा माझ्याकडे पाहत म्हणाले, "साहेबांनी एक शेरा घिऊन तरी बगावा की, बाई. कसा लागतो त्यो."

"सोमवारी तीनला या," मी बोधल्यांना म्हणाले. "नक्कल काढून ठेवते."

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला क्षमा शिकवत. त्या विषयात मला कधीच चांगले गुण मिळाले नाहीत. नक्कल मी काढलीच नाही. तीनला कडी वाजली तेव्हा ईरप्पा मागच्या ओट्यावर उकिडवे बसून होते. बाहेरून आवाज आला, "बाई, देवाशप्पथ, फार निकड आहे!" ती शपथ ऐकताच ईरप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मी जागची हलले नाही.

सहाला ईरप्पा बातमी घेऊन आले. तपासनिसांनी शेरा लिहिला होता: 'यंत्राची निगा राखली नाही.' बोधल्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मी रोज पुसतो, आणि कोणीतरी मागे हसलं.

"समाधान झालं?" मी विचारलं.

"व्हय." मग निघता निघता, "ल्हानच निगाला शेरा, बाई."

आभाळ जांभळं होतं. वही कपाटात ठेवून मी किल्ली कनवटीला लावली. उद्या वही बोधल्यांना देईन की नाही, ते उद्या लिहीन.

संध्याकाळी शेंगांची चटणी कुटून बरणीत भरली. मीठ थोडं जास्त पडलं.