काळं झबलं आणि घमेलंभर चुरमुरे

समस्त भाविकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या देवघरातल्या रांगत्या पितळी बाळकृष्णाने एका संक्रांतीला भर वस्तीत बसून डोक्यावर चुरमुरे ओतून घेतले. तो हौसेने गेला नव्हता. मी संकटात होते, आणि ते संकट मी स्वतःच मशीनवर बसून शिवलं होतं.

आम्ही भोपाळला, बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारे. मी आणि शेजारच्या शैलाताई दर मंगळवारी आनंद नगरच्या पलीकडल्या वस्तीत जायचो. कडुलिंबाखाली सतरंजी टाकली की मजुरीवर जाणाऱ्या घरांतल्या आया तान्ह्यांना घेऊन जमायच्या. मालिश कशी करायची, मऊ खिचडी कधी सुरू करायची, ताप चढला तर कुठे न्यायचं, असं बोलणं चालायचं. आयांचं ऐकूनही घ्यायचं, त्यात जास्त वेळ जायचा. फक्त कमलाचं दार उघडत नव्हतं. तिचं पहिलं मूल गेलं होतं. आताची मुनिया दीड वर्षाची, काडीसारखी, अजून उभीसुद्धा राहत नव्हती. तिला साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायलाच हवं होतं. पण कमलाची सासू, जिला सगळे अम्मा म्हणत, नजरेच्या भीतीने तिला उंबऱ्याबाहेर काढू देत नव्हती.

मग मला बोरन्हाणाची कल्पना सुचली. सगळ्या बाळांना एकत्र बसवायचं, डोक्यावरून चुरमुरे-बत्तासे ओतायचे, आणि त्या गोंधळात मुनियाही बाहेर येईल. अम्मा चक्क "देखते हैं" म्हणाली. मी अशी हवेत गेले की काळ्या कापडाचा अख्खा तागा आणून बाळांची झबली शिवली आणि घरोघर वाटली. आपल्याकडे संक्रांतीला काळंच घालतात. इथे शुभ दिवशी काळं कुणी अंगाला लावत नाही, हे इतकी वर्षं भोपाळात राहून माझ्या डोक्यात आलं नाही. अम्माने मुनियाचं झबलं चिमटीत धरून परत दिलं.

"बहनजी, एक तो पहले ही चला गया. त्योहार के दिन बच्ची को काला पहनाओगी?"

मागे कमला रडत होती. दार लागलं, आणि त्यामागोमाग वस्तीतली बाकीचीही.

संक्रांतीच्या सकाळी मी देवापुढे उभी राहिले. नेहमी मी त्याला कार्यक्रम सांगते आणि तो यशस्वी करायला सांगते. त्या दिवशी म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तूच चल. आणि त्याला पिशवीत घातलं.

"अहो, देव आहे तो, कोथिंबीर नाही," शैलाताई म्हणाल्या.

कडुलिंबाखाली चिटपाखरू नव्हतं. मी पाट मांडला, बाळकृष्णाला बसवलं आणि मुनियाचं परत आलेलं झबलं त्याच्या अंगावर घातलं. त्यात तो पार बुडाला, लोण्याचा गोळा धरलेला हात तेवढा बाहेर राहिला. मी घमेल्यातले चुरमुरे त्याच्यावर ओतले. शैलाताई हसू दाबत होत्या, मी रडू.

तेवढ्यात रस्त्यावरून एक म्हातारी आली. नर्मदेवर संक्रांतीचं स्नान करून परतत होती, काखेत ओल्या लुगड्याचं बोचकं. तिने पाणी मागितलं. पिता पिता पाटाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लल्ला को काला झबला पहनाया, अच्छा किया. नज़र का काला टीका तो पुँछ जाता है. झबला थोड़े ही पुँछेगा."

देवाला नमस्कार करून ती चालू लागली. कुठली, कोण, मी विचारलंही नाही. पुन्हा कधी दिसली नाही.

अम्माचं दार किलकिलं झालं. ती तरातरा आली, माझ्याकडे न बघता बाळकृष्णाच्या अंगातलं झबलं काढलं आणि आत गेली.

"घ्या," शैलाताई म्हणाल्या, "आता देवही उघडा."

आणि कमला बाहेर आली. कडेवर मुनिया, देवाच्या अंगावरचं काळं झबलं घालून. मागोमाग एकेक दार उघडलं आणि वस्तीतली सगळी बाळं, काळ्या झबल्यांतली, कडुलिंबाखाली आली. मला नाचावंसं वाटत होतं. वयाकडे बघून मी नुसती टाळ्या वाजवत राहिले.

त्याच आठवड्यात कमला आमच्याबरोबर दवाखान्यात आली, आणि अम्माही, झबलं पिशवीत घेऊन. औषधं झाली, खाणं सुधारलं. मुनिया उशिरा चालली, पण चालली, आणि आता तिला धरून ठेवायला माणूस लागतं.

ती म्हातारी कोणी धाडली, याचा मी खल करत नाही. देवघरात उभी राहते तेव्हा आधी त्याचे आभार मानते. तरी जुन्या सवयीने अजूनही मी त्याला जपून जपून, थोडं थोडंच सोपवते, बाकीचं स्वतःकडे ठेवते. मग मला पाटावर बसलेली मुनिया आठवते. ती घाबरेल म्हणून मी घमेल्यातून, इथल्या भाषेत तसल्यातून, चिमूट चिमूट चुरमुरे टाकत होते. तिने ते केसांतून काढून तोंडात घातले आणि पहिल्यांदाच खुदकन हसली. तेव्हा माझ्या मागे उभी असलेली अम्मा, सगळी भीती विसरून, ओरडली होती:

"अरे चुटकी-चुटकी क्या डाल रही हो, पूरा तसला उलट दो!"