सापाच्या पेटीवरचे दोन बल्ब

मागच्या हिवाळ्यात, तुरीच्या शेंगा भरू लागल्या तेव्हा, माझे वडील यवतमाळचं माझं घर सोडून लोहाऱ्याला धाकट्या भावाकडे राहायला गेले. भावानं अजगर पाळला होता. परदेशी जातीचा, बिनविषारी, रीतसर नोंदणी केलेला. चार दिवसांसाठी जातो, असं बाबा म्हणाले होते.

आई गेल्यापासून ते माझ्याकडे होते. दर रविवारी मी त्यांना आणायला जायचे आणि एकटीच परतायचे.

बाबांचा जन्म कोंबड्यांची पिल्लं वाढवण्यात गेला. बल्बखाली पिल्लं एकमेकांना चिकटून गोळा झाली की त्यांना थंडी वाजते. मोकळी पसरली की ऊब बरोबर. काचेच्या पेटीत अजगर कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला त्यांनी पाहिला आणि वर बल्ब लावला. तो उलगडेना, म्हणून बल्ब खाली घेतला. मग दुसरा जोडला. दोन्ही रात्रंदिवस जळत. माझ्या व्हरांड्यातला दिवा मात्र जेवणं व्हायच्या आत तेच बंद करत. त्यांच्या खोलीत मी हीटर ठेवला होता. त्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

"बाबा, घरी चला," मी म्हणाले.

"पाहून राह्यली ना तू? कसा आकसला थो. याले सोडून कसा येऊ?"

"थंडीत मीही आकसते."

"तुले स्वेटर आहे."

भावजय हसली. मी हसले नाही.

पुढे अजगरानं खाणं सोडलं. भाऊ चिमट्यात मेलेला उंदीर धरायचा. अजगर तोंड फिरवायचा. माझ्यासमोरच भावानं नागपूरच्या पशुवैद्याला व्हिडिओ कॉल लावला. ही जात वेटोळं घालूनच बसते, घाबरली की जास्त घट्ट, असं डॉक्टर म्हणाले. सतत उजेड असल्यानं त्याला रात्रच मिळत नव्हती, लपायला जागाही नव्हती. पेटीच्या एकाच टोकाला ऊब हवी, तीही उजेड न देणाऱ्या हीटरची. दुसरं टोक गार हवं, म्हणजे तो हवं तिकडे सरकेल.

"ताई, मी नाही सांगत बाबाले," भाऊ म्हणाला. "वाईट वाटन त्याईले."

मी सांगितलं. चूक त्यांची ठरली की ते माझ्याबरोबर येतील, असा माझा अंदाज होता.

"तुमच्या बल्बांमुळं तो उपाशी आहे, बाबा."

ते उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं दोन्ही बल्ब काढले.

"बॅग भरू?" मी विचारलं.

"कायची बॅग? उपाशी हाय ना थो."

हीटर नागपूरहून आला. तापमान ठरल्यापेक्षा वाढलं की तो आपोआप बंद व्हायचा. बाबांनी एक जुनं मडकं काठाशी फोडून पेटीत पालथं ठेवलं. अजगर त्यात शिरला. नंतरच्या एका रविवारी त्यानं उंदीर गिळला. मी दारातच उभी होते. बाबांनी हाक भावाला मारली.

निघताना मी पुन्हा विचारलं.

"थंडी सरू दे," ते म्हणाले.

थंडी सरली. होळीनंतर भाऊ टेम्पो घेऊन माझ्याकडे आला आणि बाबांची बाज व कपड्यांची ट्रंक लोहाऱ्याला घेऊन गेला.