वावटळ आणि लेक

गच्चीवर कुरडया उलटवत मी अमेरिकेतल्या लेकीशी व्हिडिओवर बोलत होते. तिच्या गावात आदल्या दिवशी टॉर्नेडोचा भोंगा वाजला होता.

"आई, बहुतेक टॉर्नेडो कुणाचा जीव घेत नाहीत गं. एखादाच तसला निघतो. आम्ही तळघरात जाऊन बसतो," ती हसत म्हणाली. माझी काळजी काही मिटेना.

तेवढ्यात समोरच्या मैदानातली वावटळ गिरक्या घेत गच्चीवर आली आणि चार कुरडया उडवून शेजाऱ्यांकडे टाकून गेली. वावटळीत भूत असतं म्हणून मी सवयीने चप्पल उगारली.

"आई! आधी खाली जा!" लेक फोनमधून किंचाळली.

आपलं माणूस वाऱ्यात उभं असलं, की वारा केवढा हे कुणालाच मोजता येत नाही.

आमच्याकडे तळघर नाही. मी हसत हसत जिन्यात जाऊन बसले.