रोझारिओंच्या अंगणातलं खोड

गुणाजी परबाला कुणाचे आभार मानता येत नसत. मनात ते गच्च भरलेले असायचे, पण तोंडापर्यंत येता येता त्यांचं भलतंच काहीतरी होऊन जायचं.

संपात गिरणी बंद पडली, तेव्हा तो बायको वनमालेला घेऊन मुलुंडच्या गावठाणात आला. सेबॅस्टियन रोझारिओने घरामागची खोली त्याला दिली आणि ओळखीने पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात चिकटवलंही. सेबॅस्टियनची बायको मॉनिका त्या दिवसांत रोज संध्याकाळी कालवणाचं भांडं घेऊन यायची आणि म्हणायची, "आज जरा जास्तच झालं गं वनमाला." एखाद्या बाईचा अंदाज एकदा चुकेल, दोनदा चुकेल. मॉनिकाबायचा तो वर्षभर रोज चुकत होता. गुणाजी खाली मान घालून जेवायचा आणि भांडं परत करताना "बुडाक पोचो पडलो हा" एवढंच बोलायचा.

त्यामुळे काही वर्षांनी रोझारिओंच्या मुलीचं, कार्मेनचं लग्न ठरलं आणि अंगणाचा प्रश्न निघाला, तेव्हा गुणाजीच्या अंगात वारं शिरलं. मॉनिकाबायला मांडव दारातच हवा होता. "हॉलबिल नको. मीपन याच दारातून आत आले," ती म्हणाली. पण दारात होतं काय, तर रान. अंगणातला जुना आंबा दोन पावसाळ्यांमागे वादळात बुंध्याशी मोडून पडला. लाकूड गेलं, खोड राहिलं, आणि त्याच्या भोवती घाणेरी माजली ती थेट खिडकीला टेकली.

"अंगण माझ्याकडे लागला," गुणाजी म्हणाला. "मी साफ करून देतंय."

कारखान्यातून आला की तो कोयता घेऊन घाणेरीत शिरायचा. हातांवर ओरखडे, अंगाला तो उग्र वास. वनमालेने त्याला न्हाऊन आल्याशिवाय उंबरा ओलांडायची बंदी केली. पण झुडपं मुळासकट निघाली आणि मधोमध खोड तेवढं उघडं पडलं, बसलेल्या म्हशीएवढं. त्याच्यावर कुदळ मारली की ती उलटी उडायची. पहार घातली तर पहार वाकली.

सेबॅस्टियन ओट्यावर आरामखुर्ची टाकून देखरेख करायचा. देखरेख हे त्याचं आवडतं काम होतं, कारण त्यात उठावं लागत नसे.

"गुणाजी, मालिश चालू हाय का रे त्याला?"

"हलतला."

"तू हलतोयस, ते नाय. सोड ना. वखारीतून चार माणसं आनतो मी."

गुणाजीने कुदळ खाली ठेवली. या घराला द्यावं असं काही त्याच्या हातात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही वखारीतली माणसं घेऊन जाणार होती. "येत्या ऐतवारपर्यंत थांबा," तो म्हणाला.

मग त्याला गावची भाजावळ आठवली. कोकणात पेरणीआधी शेतात पाला-शेण पसरून जमीन भाजून काढतात. जमीन भाजते तर खोड का भाजणार नाही? त्याने तबेल्यातून शेणी आणल्या, खोडाभोवती खणून त्या आत रचल्या, सुका पाला कोंबला आणि विस्तव घालून वरून माती लोटली. आत धुमसत राहायचं, वर नुसता धूर.

वनमाला बघत होती. "गावाक शेत मोकळा आसता. हय घरां एकमेकांक चिकटलेली."

"खोड जमनीत आसा, घरात नाय," गुणाजीने तिला समजावलं. खोडाला मुळं असतात, हे त्याने हिशेबात धरलं नाही.

रविवारी सकाळी कार्मेनने आरडाओरड करून घर उठवलं. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा क्रूस होता. त्याच्या पायथ्यातून पांढऱ्या धुराची बारीक रेघ सरळ वर चालली होती. क्रूस खोडापासून इतका लांब की त्या दोघांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. मॉनिकाबायने डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकले आणि जपमाळ सुरू केली. चर्चमधल्या मिस्सावरून परतणारी माणसं फाटकाशी थबकली, आत आली. कुणी मेणबत्ती लावली. सेबॅस्टियनसुद्धा खुर्चीतून उठला, म्हणजे प्रकरण किती मोठं ते समजावं.

गुणाजी दातात राखुंडी घेऊन मागून आला. त्याने धूर बघितला, खोडाकडे बघितलं आणि राखुंडी थुंकून टाकली. गप्प राहिला असता तर गावठाणाने त्या धुराला नवस बोलले असते. पण आत मूळ जळत होतं, आणि ते पोकळ झालं की क्रूस कलंडणार होता.

"मॉनिकाबाय," तो म्हणाला, "चमत्कार नाय तो. माझा पाप आसा. आंब्याचा मूळ पेटला हा."

सगळे त्याच्याकडे वळले. मॉनिकाबाय गुडघ्यांवरूनच म्हणाली, "मग मी अर्धी माळ फुकट बोलले?"

"फुकट कशी," सेबॅस्टियन म्हणाला, "क्रूस उभा हाय ना अजून. पानी आना आधी."

आणि मग जे झालं त्याला गुणाजीची तयारी नव्हती. चर्चच्या कपड्यांतली माणसं विहिरीपासून रांग करून कळशा पुढे देऊ लागली. कुणी टाय खांद्यावर टाकून फावडं धरलं. क्रूसाशी चर खणून जळकं मूळ तोडलं, विझवलं, खड्डा दगडमातीने ठोकून भरला. क्रूस जागचा हलला नाही. मग कुणीतरी खोडाला पाय लावून बघितला, तर ते हलत्या दातासारखं डुलत होतं. खालून सगळं भाजून निघालं होतं.

विहिरीचा दोरखंड आणला. गुणाजी पुढे राहून ओरडे, "व्हय म्हाराजा," आणि पॉलिश केलेले बूट मातीत रुतवून सगळे ओढत. खोड उलथलं, तेव्हा अर्धी रांग एकमेकांच्या अंगावर बसली.

गुणाजी उभाच होता. उपकार फेडायला गेला आणि वर आणखी चढवून बसला. त्याने सगळ्यांना हात जोडले. "तुमी होतात म्हणान झाला," तो म्हणाला. या वेळी शब्द बरोबर निघाले.

"अरे, मांडव घालायला हात द्या म्हणून मी दारोदार जानार होते," मॉनिकाबाय पदराने तोंड पुसत म्हणाली. "तू सगळ्यांना एका धुरात बोलवलंस. आता कुनी घरी जायचं नाय. वनमाला, चाय टाक गं मोठ्या टोपात."

त्या दुपारी खोडाचा खड्डा भरला, चोपण्याने जमीन ठोकली. वनमालेने कार्मेनला मदतीला घेऊन अख्खं अंगण शेणाने सारवलं आणि रोझारिओंच्या दारात शेण चालतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी बँड फाटकाशी वाजत होता. पायघोळ झगा सावरत कार्मेन दारातून निघाली आणि मांडवाखालून फाटकापर्यंत पायाखाली एकदाही न बघता चालत गेली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. गुणाजी तेवढा तिच्या पायांकडे.