मच्छरदाणीवरचा आळ

नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हे कधी ओठांवर येऊ दिलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. मलाच धड ठाऊक नाही.

तुम्ही शहापूरच्या बाजूचे असाल तर ती गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. औषधात बुडवलेल्या मच्छरदाणीत गरोदर बाई झोपली की गर्भ पडतो. दोन हजार सालाच्या आगेमागे शेणव्यापासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत घरोघर हेच बोललं जायचं. लोकांनी मच्छरदाण्या काढल्या. कुणी मिरचीच्या रोपांवर टाकल्या, कुणी ओहळात मासे धरायला नेल्या. गोष्ट फिरून परत आमच्या गावात आली तेव्हा एका बाईच्या चार बायका झाल्या होत्या. पण बाई एकच होती — माझी धाकटी जाऊ, वनिता.

वनिता मुरबाडकडची, दहावीपर्यंत शिकलेली. दीर वाशिंदला कंपनीत, त्यानं तिला हौसेनं मच्छरदाणी आणून दिली होती. आरोग्य खात्याची माणसं शाळेच्या पडवीत टब मांडून मच्छरदाण्या औषधात बुडवून द्यायला लागली, तेव्हा गावातून सगळ्यांत आधी तीच गेली. तिला पाचवा महिना होता.

आणि मला काय झालं होतं? राग आला होता, दुसरं काय. मी पोटुशी असताना भाताच्या आवणीत वाकले, भारे वाहिले, मला कुणी बस म्हटलं नाही. आणि हिला सासू म्हणायची, जप हो. हिची मच्छरदाणी, हिचा नवरा, हिचे लाड. आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

भातकापणी चालली होती. सासू बाजाराला गेलेली, पुरुष खळ्यावर. मी वनिताला म्हटलं, एवढा एक भारा खळ्यावर टाकून ये. एवढा एक? तो भारा मी मुद्दाम मोठा बांधला होता. मुद्दाम. हे सांगायलाच इतकी फिरले. ती बांधावरून घसरली, भाऱ्यासकट पोटावर आपटली. मी धावले, तिला उठवलं, साडीची माती झटकली. म्हटलं, "कुनाला सांगू नको गो, सासू तुलाच बोलंल." दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. मूल गेलं.

सासू ऊर बडवत विचारत होती, असं कसं झालं? खोलीत औषधाचा उग्र वास होता. मी म्हटलं, "हा वास बगा ना." बस, एवढंच. पुढचं सगळं सासूनं, शेजारणींनी, गावानं आपापलं बोलून घेतलं.

वनितानं मला एकटीला गाठून विचारलं होतं, "आक्का, मी पडले म्हनून तर नाय ना?" मी तिचे केस मागे सारले आणि म्हटलं, "पडल्यानं काय होतंय? मी काय कमी येळा पडले?" पोटुशी असताना मी एकदाही पडले नव्हते.

मग नर्सबाई आली. औषध डासांपुरतं असतं, जाळीला धरून राहतं, माणसाला त्याचा धोका नाही. गरोदर बाईला खरा धोका मलेरियाचा — सगळं नीट समजावलं. आमच्या ओटीवर मच्छरदाणी टांगून तिनं स्वतःची तान्ही मुलगी आत निजवली. बायका बघून गेल्या आणि म्हणाल्या, तिचं पोर तर जन्मलेलं आहे! शेवटी तिनं वनिताला सरळ विचारलं, पडली होतीस का? काही जड उचललं होतंस? वनितानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. "नाय वो बाई, आमी तिला काडी उचलू देत नवतो."

नर्सबाईनं आपली मुलगी उचलली आणि ती गेली. नंतर किती माणसं येऊन गेली, पत्रकं वाटून गेली — ही अफवा आहे, विश्वास ठेवू नका. औषधानं झालं नाही, हे ती माणसं सांगायची. मग कशानं झालं, असं लोक विचारायचे. ते मला एकटीला ठाऊक होतं.

पुढे वनिताला मुलगी झाली. तिच्यावर तिनं मच्छरदाणी कधी लावली नाही. एका भादव्यात पोरीला थंडी वाजून ताप भरला, डोक्यात गेला. शहापूरला नेलं. डॉक्टर ओरडले, मच्छरदाणी लावत नाही तुम्ही? वनिता म्हणाली, "एक पोर तिनं खाल्लं, दुसरं कसं घालू तिच्यात?" मी पोरीचे पाय चोळत तिथेच उभी होते. तेव्हा तरी बोलायचं, नाही का? पाय चोळत राहिले. सकाळी पोरगी गेली. वनिताला पुन्हा मूल झालं नाही.

ती मला फार मानते. माझे गुडघे धरले की तेल लावून देते. मला ते सहन होत नाही, आणि तरी मी पाय पुढे करते.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या नव्या सुनेला दिवस गेले. तिनं माहेराहून औषधाची मच्छरदाणी आणली होती. वनिता आपणहून तिच्याकडे गेली, मलाही हाताला धरून नेलं. तिला आपलं सगळं सांगितलं, न रडता. सून शिकलेली, ऐकेना. तेव्हा वनिता म्हणाली, "माजं नको ऐकू. या आक्काला विचार, ती होती तवा घरात." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. तिनं खिळ्यांच्या दोऱ्या सोडल्या, आणि आम्ही तिघींनी मिळून मच्छरदाणीची घडी घातली.