सोप्या डावातली हार

दादाला अर्धांगाचा झटका आला, त्याला आता दीड वर्ष होईल. हातपाय सावरले, बोलणंही बरंचसं परत आलं. बुद्धिबळ मात्र गेलं. ज्याने मला हा खेळ शिकवला तो माझा थोरला भाऊ फुकटात घोडे देऊ लागला. मला ते बघवेना. म्हणून कर्वेनगरच्या घरी रोज दुपारी चहाच्या वेळी मी त्याच्याकडून हरायला लागलो.

हरणं म्हणजे खायचं काम नाही. त्याला संशय येणार नाही अशी चूक शोधायची, आणि तीही त्याला दिसेल अशी. जिंकला की तो स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनीला ओरडून सांगायचा, "सुधारतोय बरं का मी!" त्या एका वाक्याच्या जोरावर तो औषधं घेत होता, व्यायाम करत होता.

गेल्या उन्हाळ्यात वाघोलीच्या एका कॉलेजात बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी चालली होती. सोप्या, मध्यम आणि अवघड डावात मेंदू किती राबतो ते त्यांना बघायचं होतं. मी नाव दिलं. मिरवायची हौस, दुसरं काय! दादालाही बरोबर नेलं, तेवढाच त्याला बदल. तिथल्या संशोधक मुलीने माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवून मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. दादा मागच्या खुर्चीत बसला.

अवघड डावात माझा धुव्वा उडाला. मध्यम डाव बरोबरीत सुटला. सोप्या डावात कॉम्प्युटरने सहाव्या खेळीला घोडा फुकट दिला, आणि मी तो घेतलाच नाही. समोर कच्चा खेळाडू दिसला की हरायची वाट शोधायची, हीच सवय लागलेली. यंत्राला कसलं आलंय वाईट वाटणं, हे सुचलंच नाही. अगदी बेमालूम हरलो.

मुलगी बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. "काका, काहीतरी गडबड आहे. सोप्या डावात मेंदू कमी राबेल असं वाटलं होतं. तुमचा तर सगळ्यात जास्त राबलाय. आणि तरी हरलात?"

"वय झालं," मी म्हणालो.

"वय नाही," मागून दादा म्हणाला. "हरायला डोकं लागतं."

परतीच्या रिक्षात मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पट मांडला. "आज नीट खेळ. उपकार नकोत."

मी नीट खेळलो. तो चिडून तरी झुंजेल, अशी वेडी आशा होती. आधी त्याचा वजीर गेला, मग हत्ती. थोड्याच वेळात मात झाली. मात झाल्यावर आमच्यात कोणी बोलत नाही. हरणारा हात पुढे करतो आणि दुसरा तो हातात घेतो. मी त्याच्या हाताची वाट बघत बसलो.

दादा कपाळाला आठ्या घालून पटाकडे बघत होता. खूप वेळाने त्याने कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि मागे रेलून म्हणाला, "हं. तुझी खेळी."