पुस्तकात नसलेली जाऊ

सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे परदेशात, वेरिबीला आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा शेजारच्या रिटायर्ड गोऱ्या बाईंनी कुंपणावरून मला एक कादंबरी दिली. इंग्लंडमधलं समुद्रकाठचं टीचभर गाव, आणि पहिल्याच पानावर वाळूत मरून पडलेली श्रीमंत म्हातारी. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण मुखपृष्ठावरचं प्रेत बरोब्बर कळलं.

"कोणी मारलं गं हिला?"

"वाचायचंय अजून, आई."

"मग वाच आणि मला सांग."

झालं. रोज माझा लॅपटॉप मिटला की चहाबरोबर एक प्रकरण. त्यांना खुनापेक्षा बाकीच्या गोष्टींचाच संताप. "दारात प्रेत पडलंय आणि हे केक कसले खातायत? सुतक-बितक आहे की नाही?"

सातव्या प्रकरणाला मी कंटाळले. भरती-ओहोटीच्या वेळांवरच चार पानं! मी वाचणं सोडलं आणि सरळ थापा मारायला लागले. मेलेल्या बाईला एक जाऊ दिली, जावेचा डोळा दागिन्यांवर. सासूबाईंचं स्वतःच्या जावेशी लग्नापासून पटत नाही, त्यामुळे त्या खुर्चीच्या टोकावर येऊन ऐकायच्या. शेवटी जावेनेच डोक्यात लाटणं घातलं.

"वाटलंच होतं मला!" त्या दिवशी त्यांनी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

शनिवारी शेजारच्या बाई चहाला आल्या. पुस्तक कसं वाटलं, त्यांनी विचारलं. आजीचं उत्तर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, "शी सेज द सिस्टर-इन-लॉ डिड इट. विथ अ रोलिंग पिन."

बाईंचा कप हवेतच थांबला. "बट देअर इज नो सिस्टर-इन-लॉ, डार्ल."

मुलीने तेही इमानदारीत मराठीत केलं. "आजी, जाऊच नाहीये त्यात."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ढवळत बसले. मी बिनसाखरेचा पिते.

बाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग खरं कोणी मारलं?"

"मला माहीत नाही, आई."

"म्हणजे इतके दिवस तू..." आणि त्या हसतच सुटल्या, चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं.

रविवारी अख्खं पुस्तक संपवलं. खुनी निघाला पोस्टमास्तर, कुठल्याशा जुन्या पत्रांवरून. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हॅ! पोस्टमास्तरला कसला एवढा राग येतोय? तुझंच बरं होतं."

तरी दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कुंपणापाशी गेल्या आणि हातवारे करून नवं पुस्तक घेऊन आल्या. या वेळी प्रेत होडीत होतं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी नियम सांगितला: पान उलटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही, आणि पान त्या उलटणार.